कापसाचा भाव आणि मुलाची शाळा

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे आमच्या भागातील शेतकऱ्याच्या दाराशी दोन खर्च एकदमच येऊन उभे राहतात. एक बियाण्याचा आणि दुसरा मुलांच्या शिक्षणाचा. सरकीची थैली घ्यावी की वसतिगृहाचा हप्ता भरावा, हा विचार करीत सीताबर्डीच्या रस्त्यावर उभा असलेला शेतकरी आमच्या वाचकांनी पाहिला नाही असे नाही. कित्येकांनी तो स्वतःच्या ठिकाणी अनुभवलाही असेल. दोन्ही खर्चांचा पैसा गेल्या हंगामाच्या कापसातून अगर तुरीतूनच यावयाचा असतो. परंतु या दोहोंचा संबंध याहून अधिक खोल आहे, असे आम्हांस वाटते. कापसाचा भाव ज्या दूरच्या बाजारात ठरतो, त्याच बाजाराच्या गरजेप्रमाणे शेतकऱ्याच्या मुलाने काय शिकावे, कोणत्या भाषेत शिकावे आणि त्याचा खर्च सरकारने सोसावा की बापाने, याचाही पुष्कळसा निकाल लागत आलेला आहे. मुंबईस व दिल्लीस त्या निकालाची बहुधा नक्कल तेवढी होते. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटल्यास त्याने आमच्या नागपूर-वऱ्हाडाचाच गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घालावा.

सन 1861 मध्ये अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस बंदरात अडकला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसास कधी न मिळालेला भाव आला. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. सरकारने मध्यप्रांत व वऱ्हाडाकरिता कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या साहेबांचे नाव. 1867 मध्ये आगगाडी नागपुरास येऊन पोहोचली. 1877 च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रस्ते आले, जिनिंग आले, गाठी दाबण्याचे प्रेस आले. मात्र 1865 मध्ये ते युद्ध संपताच भाव कोसळला होता, आणि तेजीच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले त्यांची गत काय झाली ते सांगणे नको.

या सर्व धामधुमीत एक गोष्ट आमच्याकडे आली नाही. शेतकऱ्याच्या मुलास शेतीची विद्या देणारे कॉलेज त्या काळी येथे निघाले नाही, कारण मँचेस्टरला त्याची जरुरी नव्हती. त्यास कापूस हवा होता, शिकलेला कास्तकार नको होता. आता त्याच युद्धाच्या ऐन मध्यावर अमेरिकेत काय घडले ते पाहावे. 1862 च्या जुलै महिन्यात लिंकन यांनी मॉरिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याने विधिमंडळात जितके प्रतिनिधी पाठवावयाचे, त्या प्रत्येकामागे 30,000 एकर सरकारी जमीन त्या राज्यास द्यावयाची, आणि तिच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रकला शिकविणारी कॉलेजे चालवावयाची, असा तो कायदा होता. ती जमीन तेथील मूळ रहिवाशांपासून घेतलेली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि घरात भाऊ भावाशी लढत असताना, तिजोरी युद्धाने रिकामी होत असताना, त्या राष्ट्राने आपल्या शेतकऱ्याच्या नातवंडांची तरतूद करून ठेवली. ज्या युद्धाने आमच्या पणजोबांस चार वर्षे चांदीचे कडे घडविले, त्याच युद्धाच्या काळात त्यांनी विद्यापीठांचा पाया घातला. शंभर वर्षांनी त्याच विद्यापीठांचा नमुना आमच्या दारी आला, त्याची हकीकत पुढे येईल.

आमच्या नागपूरचे कृषी महाविद्यालय 1906 मध्ये स्थापन झाले. महाराजबागेत मुलांना वाघ दाखवावयास नेणाऱ्या किती गृहस्थांच्या हे ध्यानात असेल की ती बाग त्याच महाविद्यालयाच्या ताब्यातील आहे! या महाविद्यालयाचा जन्मही एकट्या नागपूरच्या इच्छेने झालेला नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी सरकारची झोप उडविली होती. त्यातच कर्झनसाहेबांच्या कारकिर्दीत हेन्री फिप्स नावाच्या एका अमेरिकन धनिकाने 30,000 पौंडांची देणगी दिली, व तिच्या साह्याने बिहारात पुसा येथे शेतकी संशोधनाची संस्था उभी राहिली. हे फिप्स म्हणजे कार्नेगी यांच्या पोलादाच्या धंद्यातील भागीदार. पुसाच्या पाठोपाठ थोड्याच वर्षांत निरनिराळ्या प्रांतांत शेतकी कॉलेजे निघाली, त्यांतलेच आमचे एक. हे आम्ही हिणवून म्हणत नाही. देणगी कोठूनही येवो, तिचा विनियोग कोणासाठी होतो हा खरा प्रश्न आहे. आणि त्या काळी तो विनियोग शेतकी खात्याला अधिकारी पुरविण्यासाठी झाला. शिकून आपल्या वावरात परत गेलेला पदवीधर तेव्हाही विरळा होता व आजही विरळाच आहे.

खात्याच्या विद्येला दोन धनी असतात, हेही तेव्हाच दिसून आले. वऱ्हाडात रोझियम जातीचा आखूड धाग्याचा कापूस पसरला, कारण त्याचे पीक चांगले व रुईचा उतारा जास्त. जपानच्या गिरण्या तो आनंदाने घेत. लँकेशायरला मात्र लांब धागा हवा होता. मग शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळवून देणारे वाण शिकवावे, की गिरणीवाल्यास पाहिजे ते? हा वाद त्या वेळच्या साहेबांतही होता. शेतकऱ्यास मात्र तो वाद कोणी समजावून सांगितला नाही. त्याने आपल्या तराजूवरून जे कळले ते केले, आणि आमच्या मते बरेच शहाणपणाचे केले.

नागपूरच्या मातीतून जगाच्या बाजाराने काय नेले व काय ठेवले, याचे एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या धंद्यात अमाप पैसा मिळविला. मँगनीज हे पोलादाच्या कामी लागते, आणि आमच्या भागातील हे खनिज परदेशच्या भट्ट्यांकडे जात होते. 1930 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी आपल्या इस्टेटीतील सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठास शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणाकरिता ठेविले होते. त्यांतून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. तेलाचे तंत्र व रसायनाचे तंत्र तेथे शिकविले जाऊ लागले, आणि 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सरकी, जवस, तीळ पिकविणाऱ्या प्रांतात तेलाची विद्या शिकविली जावी, ही गोष्ट किती उचित आहे! बाजाराने माल नेला, पण एका माणसाने त्या पैशाचा ओघ घराकडे वळविला. असा ओघ वळविणारे दोन-चारच निघाले, हेच आमचे दुःख.

परंतु सगळ्यांत बोधप्रद प्रकरण 1937 चे आहे, आणि ते आमच्या शेजारच्या वर्ध्याचे आहे. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जो कडेलोट झाला, त्याने जगभर मंदी पसरली. कापूस मातीमोल झाला. सारा व व्याज तेवढेच राहिले आणि उत्पन्न निम्म्याच्याही खाली गेले. प्रांतिक सरकारांच्या तिजोऱ्या आटल्या. अशा वेळी 1937 मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळे अधिकारावर आली, आणि त्यांच्यापुढे प्रश्न पडला की प्रत्येक खेड्यात शाळा तर हवी, पण पैसा आणावा कोठून? दारूचे उत्पन्न सोडावयाचे होते. कर वाढवावा तर देणाऱ्याच्या घरी दाणा नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने योजना आखली की सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ते एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, आणि त्या व्यवसायाच्या उत्पन्नातून शाळेच्या खर्चास हातभार लागावा. हीच नयी तालीम.

नयी तालीम ही केवळ पैशाच्या टंचाईतून निघाली असे म्हणणे गांधीजींवर अन्यायाचे होईल. हाताने काम केल्यावाचून विद्या पुरी होत नाही ही त्यांची श्रद्धा फार जुनी होती. तथापि शाळेने आपला खर्च आपण काढावा या मुद्द्यावर जो भर पडला, त्याच्या पाठीमागे मंदीची छाया होती हे नाकारता येत नाही. आमच्या प्रांताने तर याहून एक पाऊल पुढे टाकले. पं. रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना अशी की, ज्या खेड्यात शाळा नाही तेथे गावकऱ्यांनी जमीन दान द्यावी व तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षक चालावे. अमेरिकेने 1862 मध्ये केले तेच हे, फक्त तेथे सरकारी जमीन होती व येथे मालगुजाराच्या औदार्यावर हवाला होता! आणि ज्या पिकाच्या भावाने सरकारची तिजोरी रिकामी केली, त्याच पिकाच्या भावावर गुरुजींचे पोट टांगले जाणार होते. भाव पडला तर मास्तरांनी काय करावे, याचे उत्तर योजनेत नव्हते. योजनेच्या नावावरून मुसलमान बांधवांत नाराजी झाली, ती निराळी. 1939 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळ पायउतार झाले, महायुद्ध आले, आणि विद्यामंदिरे हळूहळू मागे पडली. आम्हांस त्या योजनेचा हेतू आजही आदरणीय वाटतो. दोष एवढाच की जगाच्या मंदीचे ओझे तिने राष्ट्राच्या तिजोरीवरून उचलून खेड्याच्या खांद्यावर ठेविले. हे ओझे खाली सरकविण्याची सवय पुढेही गेलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर देवाणघेवाणीचे टोक बदलले. 1954 च्या अमेरिकेच्या एका कायद्यान्वये, ज्यास सर्वजण पी. एल. 480 म्हणून ओळखतात, गहू रुपयांच्या मोबदल्यात येऊ लागला. 1965-66 च्या अवर्षणात तर आपले राष्ट्र जहाजांकडे डोळे लावून बसले होते, आणि ती जहाजे कधी सोडावी याचा विचार वॉशिंग्टनास राजकारण पाहून होत होता. याच काळात शेतकी शिक्षणाचा साचा पालटला. 1955 मध्ये भारत व अमेरिका यांच्या संयुक्त मंडळाने पाहणी केली, 1960 मध्ये पंतनगर येथे इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने पहिले कृषी विद्यापीठ निघाले, आणि ही कल्पना सर्व राज्यांत पसरली. मॉरिल कायद्याचे रोप शंभर वर्षांनी येथे येऊन लागले ते असे. शिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही एका छपराखाली, हे त्याचे सूत्र. वऱ्हाडाने आपल्या विद्यापीठासाठी 1967 मध्ये मोठे आंदोलन केले, आणि 1969 मध्ये अकोल्यास ते स्थापन झाले, ज्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि दहा वर्षे देशाचे शेतकी खाते सांभाळले, त्यांचे नाव त्यास मिळाले हे यथायोग्यच झाले. ज्वारीच्या संकरित वाणाने घरोघर कणगी भरल्या, हे मान्य केलेच पाहिजे. येथे परकी मदत आली खरी, पण आमची भूक व आमची मागणी तिच्याशी जुळली होती; म्हणून ती रुजली.

1991 चा प्रकार मात्र निराळा. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी आटली, रुपयाची किंमत उतरविण्यात आली, आणि कर्ज देणाऱ्या संस्थांच्या सल्ल्याने सरकारने आपला हात आखडता घेण्यास आरंभ केला. तेव्हापासून प्राथमिक शिक्षणासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेण्याचा प्रघात पडला. 1994 मध्ये सुरू झालेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम हा त्यातला प्रमुख, आणि महाराष्ट्रातील काही जिल्हे पहिल्याच फेरीत त्यात घेतले गेले. 2017 मध्ये कृषी विद्यापीठांच्या सुधारणेसाठी, व 2020 मध्ये सहा राज्यांतील शालेय शिक्षणासाठी, ज्यांत आपले राज्य आहे, त्याच बँकेचा पैसा पुन्हा आला. प्राथमिक शाळेच्या वर्गासाठी कर्ज, आणि वरच्या शिक्षणासाठी बापाचा खिसा, अशी ही वाटणी झाली. महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस 1983 पासूनच वाट मोकळी झाली होती. नागपुराभोवती ती पुढच्याच वर्षापासून उभी राहू लागली. पुढे संगणकाच्या धंद्यास परदेशातून काम मिळू लागले, तेव्हा तर ज्याला त्याला मुलगा अभियंताच हवा झाला. 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तीही याच वाऱ्याने.

आमच्या परिचयातील एका कास्तकाराने मुलाच्या फीसाठी रस्त्यालगतची दोन एकर ओलिताची जमीन विकली. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्या धंद्यातील भरती ओसरली होती. कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्याने फसविले असेही नाही. त्याने बाजारात मागणी असलेला माल विकला, आणि घेणाऱ्याला बाजार कळत नव्हता. पुढे अशा कित्येक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या, काही बंदही झाली. शेतकऱ्याने पाहिले असेल की एका वर्षी तूर तेजीत गेली म्हणजे पुढच्या वर्षी जो तो तूर पेरतो व भाव गडगडतो. अभ्यासक्रमांचेही तसेच चालले आहे. फरक एवढाच की तुरीचे वर्ष सहा महिन्यांत संपते, आणि मुलाचे वर्ष परत येत नाही.

कोणी म्हणेल, मग जगाशी संबंध तोडावा काय? आमचे मत अगदी उलट आहे. वऱ्हाडच्या कापसाने जगाशी सोयरीक केली त्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. ती आता मोडता येणार नाही, व मोडण्यात हितही नाही. आमची तक्रार अशी की, ज्या घराचे पोट सर्वांत अधिक जगाच्या बाजारावर अवलंबून, त्याच घरच्या मुलास त्या बाजाराची विद्या कोणीही शिकवीत नाही. ताजेच उदाहरण घ्या. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावरील जकात 50 टक्क्यांपर्यंत नेली. कापडगिरण्यांस धक्का बसणार म्हणून त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरील 11 टक्के आयातकर माफ केला, आणि ती माफी पुढे डिसेंबर अखेरपर्यंत वाढविली. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत परका कापूस विनाकर आत आला. हे सर्व वर्तमानपत्रात छापून आले होते. परंतु जकात म्हणजे काय, ती कोण बसवितो, तिचा आपल्या पऱ्हाटीशी काय संबंध, हे दहावी पास झालेल्या किती मुलांस सांगता येईल? 356 किलो रुईची खंडी, 170 किलोची गाठ, आणि क्विंटलाने विकलेला सरकीसहित कापूस, यांची एकमेकांशी गाठ घालून भाव काढण्याचे गणित आमच्या शाळांत नाही. नफातोट्याची उदाहरणे आहेत, ती सायकल विकणाऱ्या दुकानदाराची. धाग्याची लांबी मिलिमीटरात मोजतात आणि त्यावर भाव ठरतो, हे मुलास कळते ते अडत्याच्या तोंडून, म्हणजे ज्याच्याशी घासाघीस करावयाची त्याच्याच तोंडून! संत्र्याचेही तेच. बांगलादेशाने आयातकर चढविला की वरुड-काटोलचा बागाईतदार हवालदिल होतो, पण तो कर का चढला हे बागाईतदाराच्या मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात शोधून सापडावयाचे नाही.

म्हणून शिक्षणधोरणाच्या बाबतीत आमच्या वर्गाने केवळ फी-माफीची मागणी करून स्वस्थ बसू नये. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात मातृभाषेतून शिक्षण, व्यवसायशिक्षण आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च या गोष्टी लिहिलेल्या आहेत. 6 टक्क्यांची शिफारस कोठारी आयोगाने 1966 मध्येच केली होती, आणि तो आकडा अद्याप एकदाही गाठला गेलेला नाही. तेव्हा लिहिलेल्यावर किती विसंबावे ते वाचकच जाणोत. त्याच धोरणाने परदेशी विद्यापीठांस देशाची दारे उघडली, व 2023 मध्ये त्याचे नियमही झाले. ते दार झपाट्याने उघडते आणि कृषी पदवीचा अभ्यास मराठीतून होण्याचे दार मात्र करकरत राहते, याचे कारण काय? पहिल्या दारापाशी पैसा देणारा उभा आहे. दुसऱ्यापाशी आपण उभे आहो, आणि आपण ठोठावीत नाही.

खेड्यातील शाळेचा प्रश्न तर याहून तातडीचा आहे. 2023 मध्ये आपल्या राज्यात वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला. दर मुलामागे खर्च किती, हा हिशेब त्याच्या मुळाशी आहे. हा हिशेब आम्ही अगदीच टाकाऊ म्हणत नाही; दोन मास्तर व सात मुले अशा शाळेत मुलांचेही नुकसान होते. पण पट का घटला? चांगल्या स्थितीतील शेतकऱ्याने, म्हणजे आमच्या-तुमच्यासारख्याने, आपली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या मोटारीत बसविली म्हणून. मागे राहिली ती सालदाराची व मजुराची मुले. शाळा उठली तर त्यांच्या मुलींचे शिक्षण प्रथम सुटेल. नाल्याला पूर आला की तीन मैल दूरच्या शाळेत मुलीस कोणी पाठवीत नाही. आणि मग वेचणीला मजूर अडाणी का, औषधाच्या डब्यावरील सूचना तो का वाचू शकत नाही, अशी ओरड आपणच करणार.

शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली असून तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. आमच्या संघाच्या किती सभासदांनी त्या समितीच्या सभेचे तोंड पाहिले आहे? बाजारसमितीच्या निवडणुकीस आपण गाड्या भरून जातो. येत्या महिन्यात शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक सभासदाने, आपली मुले त्या शाळेत असोत वा नसोत, गावच्या गुरुजींस भेटून यावे, पट विचारावा, आणि वरच्या वर्गांच्या मुलांस एक दिवस कळमन्याच्या बाजारात, एक दिवस जवळच्या जिनिंगमध्ये नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी. गाडीभाड्यापलीकडे तीस फारसा खर्च नाही. ज्या सभासदांनी असे केले त्यांनी मुलांनी काय विचारले ते आम्हांस लिहून कळवावे. मुलांचे प्रश्न आम्ही पुढील अंकांत अवश्य छापू, आणि ज्यांची उत्तरे आम्हांस देता येणार नाहीत ते अकोल्याच्या विद्यापीठाकडे पाठवून तेथील उत्तरे मराठीत मागवू.